विश्वाची चतुःसीमा

विश्वाच्या प्रसरणाला निकम अण्णांची मुळात हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की वाढण्याआधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस द्यायला हवी होती.

अण्णा आमच्या द्वारका चौकामागच्या कॉलनीत समोरच्या घरात राहायचे. मूळचे देवळ्याचे. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेलेली, त्यामुळे मोजता येत नाही असं जगात काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. बायको गेल्यावर संध्याकाळ जाता जात नसे, म्हणून ते गावातली व्याख्यानं ऐकत फिरत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अशाच एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं, की विश्व सारखं वाढतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे विश्वाच्या कारभाराला मीच जबाबदार, असं ते धरून चालले होते.

"मॅडम, वाढतंय ते कबूल. पन कोनाच्या हद्दीत?"

"कोणाच्याच नाही, अण्णा. जागाच ताणली जाते."

"आमच्याकडं बी सगळे हेच सांगायचे. बांध आपोआप सरकला म्हनून."

मग मी फुगा आणला. त्यावर पेनाने ठिपके काढले, फुगा फुगवला, ठिपके एकमेकांपासून लांब गेले. अण्णांनी चष्मा पुसून फुगा सगळीकडून तपासला आणि विचारलं, "तिकडं फुंकतंय कोन?"

"ते अजून कळलेलं नाही."

"अर्जदार कोन ते ठाऊक नाय, आन् काम सुरू?"

महास्फोट मात्र त्यांना चटकन पटला. सुरुवातीला सगळं एकाच बिंदूत होतं म्हटल्यावर ते म्हणाले, "सामाईक खातं म्हना की. वाटनी झाली, तवा स्फोट झाला. होतोच." आणि त्यांनी चहा मागितला.

वाटणीचं त्यांना कुणी सांगायला नको होतं. धाकटा भाऊ नाना देवळ्याला कांदा पिकवायचा. दोघांमधला बांध नानाने सरकवला, असा अण्णांना संशय आला. त्यांनी स्वतः जमीन मोजली, वर दुसऱ्या मोजणीदाराकडून ताडून घेतली. अण्णांचंच खरं निघालं, आणि त्या दिवसापासून नानाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या वर्षी नानाच्या मुलीचं लग्न ठरलं, तर पत्रिका पोस्टाने आली. सख्ख्या भावाला पोस्टाने. हातात अक्षता द्यायला कुणी आलं नाही. अण्णांनी ती टीव्हीवर ठेवली होती, आणि टीव्ही बघणं बंद केलं होतं. लग्न आठवड्यावर आलं तरी जाणार की नाही, हे ते बोलेनात.

त्या रविवारी ते चतुःसीमेवर अडून बसले. "पूर्वेला काय, पश्चिमेला काय, एवढं तरी सांगा. खरेदीखतात लिहावंच लागतं."

"विश्वाच्या पलीकडे काही नाही, अण्णा. जे आहे ते सगळं आतच आलं."

"लगत कोनीच नाय?"

"कोणीच नाही."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "म्हंजी एवढी मोठी जमीन, आन् बांधावर भांडायला बी कोनी नाय. लय वाईट."

विश्वाची कीव करणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून ते जमलं नाही.

त्यांनी आमचा फोन मागितला आणि देवळ्याला लावला. मी आत जायला उठले, तर त्यांनी हातानेच बसायला सांगितलं.

"नाना, मी बोलतोय. तब्बेत कशी शे?" मग त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "ऐक. ती बांधाची मोजनी. चुकली व्हती माझी."

चुकली नव्हती. ते अण्णांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, नानाला तर सगळ्यांत जास्त. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"रडतोस कशाला? व्हतं असं," ते म्हणाले. "मोजनीची साखळी अडकली असंल कुठंतरी झुडपात."