जीवराम आबांचं लांबलेलं भाषण

पालिकेने पाणीपट्टी जवळजवळ दुप्पट केली आणि हरकती ऐकायला सभागृहात सुनावणी ठेवली. तेव्हा टेकडीवरच्या दोन्ही गल्ल्यांनी जीवराम आबांना पुढे केले. आबा एसटीत शिंदखेडा-दोंडाईचा मार्गावर कंडक्टर होते. भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज निवृत्तीनंतरही शाबूत होता.

खरे गाऱ्हाणे आबांच्या वरच्या गल्लीचे. तिथे मोजकी घरे आणि नळाला करंगळीएवढी धार. खालची गल्ली मोठी. तिथे घरोघरी नळाला थेट मोटार लावलेली. हे कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नसे. दरवाढ मात्र दोघांना सारखीच बसणार होती. "गर्दी दिसली पाहिजे," असा आबांचा हुकूम सुटला, आणि खालची गल्ली घरांना कुलपे घालून टेम्पोने सभागृहात आली.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर आबा उठले. "साहेब, दोनच मिनिटं घेतो. जास्त पैसे द्यायला आमची ना नाही. पण नळाला धार करंगळीएवढी, मग जास्तीचे पैसे कशाचे?"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. घरून आबांच्या पत्नी भिकुबाई बोलत होत्या.

"आहो, नळले धो धो पानी उनं! आसं उनं की बादली उलथी पडनी! खाले एक बी मोटार चालू नई. बठ्ठी गल्ली तुमनाजोडे शे ना?"

"हो."

"मंग त्यासले तठेच बसाडी ठेवा! आजून पिंप भरानं बाकी शे."

आबांनी फोन खिशात टाकला. मागे खालच्या गल्लीची माणसे विश्वासाने त्यांच्याकडे बघत होती. आबांना थोडे टोचले. पण थोडेच.

"तर साहेब," ते म्हणाले, "पाण्याचा विषय मुळापासून घ्यायला हवा."

मग तापी उगमापासून निघाली. आबांच्या भाषणात ती प्रत्येक थांबा घेत होती. भुसावळ येईतो साहेबांचा चहा संपला. खालच्या गल्लीतला किराणा दुकानवाला तोताराम उठू लागला. "आबा, मी निंघू का? दुकान उघडनं शे."

"बस खाली! मी कोणासाठी घसा फोडी ऱ्हायनू?"

तोताराम ओशाळून बसला. शेवटी साहेबांनीच हात वर केला. "आबा, इतक्या तळमळीनं बोलणारा माणूस खोटं बोलणार नाही. आपण खात्रीच करू." त्यांनी नळाचे व्हॉल्व सोडणाऱ्या नवलला मोटारसायकलवर टेकडीकडे पिटाळले.

"कशाला उगाच त्रास, साहेब?" म्हणताना आबांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला नाही.

नवल परतला तेव्हा त्याची पॅंट गुडघ्यापर्यंत भिजली होती. "साहेब, धार मनगटाएवढी आहे. आबांच्या घरातली भांडी संपली. मावशी आता अंगण धुताहेत."

"आबा?" साहेब म्हणाले.

उत्तर आबांच्या जिभेवर होते: या मंडळींना घरी पाठवा आणि मग नवलला परत पाठवा. ते मागे वळले. खालच्या गल्लीला सगळा उलगडा झाला होता. गाडीत तपासनीस चढल्यावर बिनतिकिटाची माणसे जशी खाली बघतात, तशी सगळी जमिनीकडे बघत होती. नोकरीत असताना अशा चेहऱ्यांची आबांनी कधी गय केली नव्हती.

"नवलचा पायगुण चांगला आहे, साहेब," ते म्हणाले आणि खाली बसले.

हरकत फेटाळली गेली. परतीच्या टेम्पोत चढ लागला तसा तोताराम हळूच म्हणाला, "आबा, पुढला पानीले आम्ही मोटारी आर्धा तास उशीर लावसूत."

"बघू," आबा म्हणाले.

घरी पिंप, हंडे, कळश्या, पाहुण्यांसाठी ठेवलेले पेलेसुद्धा काठोकाठ भरले होते. भिकुबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"काय व्हयनं?"

"वाढ मंजूर."

"व्हऊ द्या," भिकुबाई समाधानाने म्हणाल्या. "पुढली सुनावनी कधय शे?"