आधी प्लग, मग प्रश्न

वीज ही माणसाची दासी आहे आणि तिला शिस्त लावणारा माणूस घरात असावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी मांडलं त्याच संध्याकाळी आमचा टीव्ही फट्‌ करून गेला.

आमच्याकडचं व्होल्टेज म्हणजे तापट सासऱ्याचा पारा! कधी चढेल, कधी उतरेल, नेम नाही. टीव्हीपाठोपाठ मिक्सरनेही मान टाकली, तेव्हा घराची सूत्रं मी हाती घेतली.

योजना सोपी होती. दिवे मिचमिचले, की मी "ओढाऽऽ!" अशी आरोळी ठोकायची आणि ज्याने त्याने आपल्या वाट्याचा प्लग उपटायचा. फ्रीज माझ्याकडे, वॉशिंग मशीन कन्येकडे, संगणक सासूबाईंकडे. ‘आधी प्लग, मग प्रश्न!’ हे घोषवाक्यही माझंच.

"बाबा, लोक स्टॅबिलायझर लावतात हो."

"लावू देत. आपल्याकडे माणसं आहेत!"

कन्येने कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र खूष! जावयाने त्यांना प्रथमच जबाबदारीचं काम दिलं होतं. गुडघे दुखतात म्हणून जिन्याकडे न बघणाऱ्या सासूबाई ‘ओढा’ ऐकताच टेबलाखाली अशा शिरायच्या, की मांजराने शिकवणी लावावी.

आणि मग बायकोची मुलाखत ठरली. मोठ्या कारखान्यात सुरक्षा विभागाच्या प्रमुखाची जागा! वर्षानुवर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली राबत होती. ही संधी हुकली असती तर पुढची कधी, कुणास ठाऊक. मुलाखत घरूनच, संगणकावर होणार होती.

"अहो, आज मला फक्त वीज हवी. तुमचा सल्लासुद्धा नको."

"निर्धास्त राहा!" नवाकोरा यूपीएस थोपटत मी म्हणालो. "आता वीज जाऊ दे, आभाळ कोसळू दे, संगणक चालूच राहणार. त्याचा प्लग ओढायची गरजच नाही!"

हे मी बायकोला सांगितलं. कन्येला सांगितलं. सासूबाईंना सांगायचं राहिलं.

मुलाखत रंगात आली. पडद्यावर तीन साहेब. मधल्या टकल्या साहेबांनी विचारलं, "समजा, कारखान्यात आग लागली. पहिल्या क्षणी काय कराल?"

नेमके तेव्हाच दिवे मिचमिचले. मला माझा फ्रीज दिसला. सवय फार वाईट!

"ओढाऽऽ!"

"सर्वांत आधी," बायको खणखणीत आवाजात सांगत होती, "क्षणाचाही विलंब न लावता वीजपुरवठा..."

सासूबाई चष्मा सावरत कॅमेऱ्यासमोरून सरपटत गेल्या आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"निघाला!" टेबलाखालून विजयी आवाज आला.

"आई! अगं काय केलंस हे!"

"आधी प्लग, मग प्रश्न! जावईबापूंचा हुकूम आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या व्होल्टेजला जगातला कुठलाच स्टॅबिलायझर पुरला नसता.

"वीज गेली तर..." मी सुरुवात केली.

"वीज कुठे गेलीय? पंखा फिरतोय, दिवे लागलेत. या घरातून फक्त माझी नोकरी गेलीय!"

कन्येने संगणकाचा प्लग परत यूपीएसमध्ये खोचला. संगणक सावकाश जागा होऊ लागला, जणू त्याला सुट्टीच होती!

"मी बाहेर येऊ का गं?"

"तिथेच थांब, आई!"

अखेर पडदा उजळला. पाहतो तर तिन्ही साहेब टाळ्या वाजवताहेत!

"वा, मॅडम! बाकीच्यांनी नुसतं उत्तर दिलं, तुम्ही करून दाखवलंत! तो इशारा, ती चपळाई! त्या बाई कोण?"

बायकोने टेबलाखाली नजर टाकली. "आमच्या... प्रशिक्षित स्वयंसेविका."

टेबलाखालून एक हात वर आला आणि साहेबांना टाटा करून गेला.

"आणि ही योजना कुणाची?"

मी छाती काढून पुढे सरसावलो. कन्येने मागून सदरा धरून मला दाराबाहेर ओढलं. इतके दिवस करून घेतलेला सराव!

बायकोला ती जागा मिळाली. हे यश कुणाचं, ते मी भेटेल त्याला सांगत सुटलो आहे. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची सवलत होती. तिने ती घेतली नाही.