हवालदार खरातांची हजेरी

हवालदार बिरा खरात यांनी मला फसवलं. माझ्याच कंपनीच्या खाजगी नेटवर्कमध्ये त्यांनी मला न विचारता एक जास्तीचं यंत्र घुसवलं. आणि हे कुणी करावं? जो माणूस चहावाल्यालासुद्धा केबिनच्या दारात "थम! कौन आता है?" म्हणून अडवतो, आणि इस्माईलनं "चाय आता है" म्हटल्याशिवाय त्याला पाऊल आत टाकू देत नाही, त्या माणसानं!

माझा धंदा हळदीचा. गिरणी आणि मुख्य ऑफिस सांगलीत, खरेदी वाईला, पॅकिंग शिरवळला. मी याच बाजारात पोती उचलत वर आलो. भाव करण्यात मला कुणी हरवलं असेल तर त्यानं समोर यावं. पण मधे एक काळ असा आला, की मी भाव ठरवायचो आणि समोरचा व्यापारी माझ्या आधीच तो सांगून मोकळा व्हायचा. शोध घेतला तेव्हा कळलं, की आमचा सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालला होता. सुप्रभातची फुलं, कुणाच्या बारशाचं आमंत्रण आणि त्याखाली माझा खरेदीचा भाव! त्या ग्रुपमध्ये वाईच्या मॅनेजरचा मेव्हणा होता. तो तिथं कसा आला, हे मॅनेजरलाही सांगता येईना.

तेव्हा कुणीतरी खरातांचं नाव सुचवलं. आटपाडीकडचा माणूस, घरचा धंदा मेंढरांचा. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून आलेला. मिशा चोपून बसवलेल्या, पॅंटला इस्त्रीची धार, आणि खिशात पेनाशेजारी कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. मी म्हटलं, "हवालदार, हे खाजगी नेटवर्क म्हणजे नक्की काय? तार ओढणार काय वाईपर्यंत?"

"न्हाई शेठ. तुमच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे न्हवं? भोवती लय गर्दी, पण भाव ठाव दोघांनाच. ह्ये तसंच हाय. रस्ता समद्यांचा, रुमाल आपला."

आयुष्यात मला इतकं सोपं कुणी समजावलं नव्हतं. म्हणून मी लगेच त्यांच्या फीवर घासाघीस सुरू केली. मी ओरडलो, उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. खरात भिंतीकडं बघत बसून राहिले. शेवटी म्हणाले, "झालं का शेठ? मग काम चालू करू?" त्यांचाच भाव राहिला. तो राग माझ्या मनात आजही आहे.

कामाला मात्र माणूस पक्का. प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी किल्ली, प्रत्येक माणसाला त्याच्यापुरतीच फाईल. शिरवळच्या पोराला वाईचा भाव दिसायचा नाही. मला सगळं दिसायचं, पण त्यासाठी मलाही मोबाईलवर आलेला आकडा टाकावा लागायचा. एकदा मी संतापून म्हटलं, "अहो, मी मालक आहे!" त्यावर खरात शांतपणे म्हणाले, "त्येच तर बगायचंय, की तुमीच हाय का." हवापाण्याची गोष्टसुद्धा ते साध्या फोनवर बोलत नसत. "शिरवळात पाऊस आहे का हो?" असं विचारलं तर म्हणायचे, "खबर आतल्या आत पाठवतो." आणि फोन ठेवायचे.

सगळ्यात मोठा तमाशा म्हणजे हजेरी. रोज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आधी खरात पडद्यासमोर ताठ उभे राहून एकेका यंत्राला पुकारायचे. "वाई!" इकडून हाक गेली की तिकडच्या यंत्राचं उत्तर येतं आणि पडद्यावर हिरवा ठिपका लागतो. तेवढ्यावर हवालदारांचं समाधान कुठलं? यंत्राच्या वतीनं तेच "हाजीर साब!" म्हणायचे. वाईसाठी बारीक आवाज, शिरवळसाठी जाडा, गोडाऊनसाठी खोकल्यासारखा. आमची अकाउंटंट तोंडावर ओढणी धरून हसायची. शेवटी ते ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे, ठिपक्याकडं बघायचे आणि मगच टोपी घालायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील.

त्यातच पुण्याच्या एका मोठ्या मसाला कंपनीनं हळदीसाठी दर मागवले. ही ऑर्डर हातची गेली असती तर मला शिरवळचं पॅकिंग बंद करावं लागलं असतं आणि तिथल्या बायकांना घरी पाठवावं लागलं असतं. दर मी स्वतः बसून काढला आणि नेटवर्कमधूनच वाईला तपासायला पाठवला. त्या दिवशी खरात दाताच्या डॉक्टरकडं गेले होते. संध्याकाळी सहज मी त्यांच्या पडद्यासमोर बसलो आणि हजेरीचं बटण दाबलं. वाई, शिरवळ, गोडाऊन, आणि सगळ्यात खाली एक नाव. वैनी. शेजारी हिरवा ठिपका.

माझ्या कुठल्याही ऑफिसचं नाव वैनी नाही.

मी तडक घरी गेलो. माझ्या थोरल्या वहिनीचा भाऊ त्याच बाजारात दलाली करतो. मी ओसरीवरूनच सुरू झालो, "वहिनी, माझ्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही काय करताय?" वहिनी पुरणपोळ्या लाटत होती. ती लाटणं घेऊन बाहेर आली. "भावजी, मला टीव्हीचा रिमोट धड लावता येत न्हाई, आनि तुमच्या कॉम्प्युटरात मी कशी शिरंन? डोकं ठिकाणावर हाय का? आज पोळी मागायला या, मग सांगते." त्या दिवशी मला पोळी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खरातांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "कुणाला विकला माझा दर?"

त्यांचा चेहरा पडला. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "दर न्हाई इकला शेठ. वैनीला तुमची एकबी फाईल दिसत न्हाई. येगळी कोठडी केलीया. बगा." त्यांनी उघडून दाखवलं. त्या यंत्राला फक्त हाक ऐकू येत होती आणि उत्तर देता येत होतं. बाकी चारी बाजूंनी भिंत.

"मग ही वैनी कोण?"

"माजी. थोरल्या भावाची बायकू. म्हाकू खरात माजा भाऊ. मी घरातनं पळून भरतीला गेलो, मेंढरं त्येच्या एकट्याच्या गळ्यात पडली. तवापासनं बोलत न्हाई. वैनीलाबी शपत घातलीया, बिराशी एक शबूद बोलायचा न्हाई म्हणून. ती शपत पाळती. बोलत न्हाई. फोन चालू ठेवती."

मला काही कळेना. "मग साधा फोन करायचा की!"

"वाजला तर भावाला कळतंय न्हवं? ह्यात काय वाजत न्हाई. मी हाक मारायची, फोननं आपल्या आपण हूं म्हणायचं. मेंढरं घिऊन ती माळानं फिरत्यात. घोड्यावर सोलरची पाटी बांधलीया, त्यावर फोन चार्ज हुतो. हिरवं आलं म्हंजे समदी बरी हायती. काय इपरीत झालं तर फोन बंद करायचा, आसा फोन धाडतानाच निरोप दिलाय."

"आणि नुसताच चार्ज संपला तर?"

"एकदा संपलाता. गाडी काढली आनि माळ पालथा घातला. लांबनं मेंढरांचं वाडगं दिसलं. भाऊ चुलीम्होरं भाकरी खात बसलाता. बरा हुता. तसाच म्हागारी आलो."

"गेला नाहीत जवळ?"

"न्हाई."

छातीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं मला झालं. माझा दर कुठं गेला नव्हता. निदान या पायी तरी शिरवळला कुलूप लागणार नव्हतं. पण मी मोकळा झालो की मला आणखी ओरडता येतं. मी म्हटलं, "मग हे माझ्याच नेटवर्कमध्ये कशाला? तुम्हाला येतं सगळं. घरी बसून दोघांपुरतं वेगळं करायचं!"

"केलंतं शेठ," खरात म्हणाले. "जमलं न्हाई. एकच नाव पुकारायचं म्हंजे हात चालंना. उत्तर आलं न्हाई तर, ह्या भ्यानं बटन दाबवंना. हितं कसं, वाई म्हणतंय हाजीर, शिरवळ म्हणतंय हाजीर, त्या नादात तिचंबी नाव पुकारून हुतं."

मी ओळखपत्र उचलून त्यांच्या अंगावर फेकलं आणि खच्चून ओरडलो, की हजेरीतून वैनीचं नाव खोडलंत तर याद राखा. बाहेर अकाउंटंटला वाटलं, मी त्यांना हाकललं. पुण्याची ऑर्डर आठवडाभरात आली. शिरवळला पेढे गेले.

खरातांनी मला विचारायला हवं होतं, यावर मी ठाम आहे. त्यांचा हिशेब मी त्यांच्याशी करीन. पण मला दुसऱ्याच एका माणसाला जाब विचारायचा आहे. म्हाकू खरात, या दिवसांत तुमची मेंढरं कुंडलच्या शिवारात बसलेली असतात. तिथून सांगली किती लांब आहे? पोटासाठी फौजेत जाणं हा गुन्हा असेल तर त्याची शिक्षा कधी संपते, ते सांगा. तुमचा भाऊ तुम्हाला भाकरी खाताना लांबून बघून परत फिरला. एवढ्या माळावर त्याला बसायला तुमच्या चुलीपुढं जागा का नव्हती, याचं उत्तर मला तुमच्या तोंडून पाहिजे.