कोरमअभावी सभा तहकूब

दर सोमवारी सकाळी अकरा वाजता आमच्या विद्यापीठात एक माणूस पितळी घंटा वाजवायचा. तीनदा. मग कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसून अर्धा तास घड्याळ बघायचा, मांडीवरच्या जाड रजिस्टरात दोन ओळी लिहायचा, घंटा पिशवीत टाकायचा आणि उठायचा. वय पंचावन्नच्या आसपास. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि छातीवर विद्यार्थ्याचं ओळखपत्र. चालू वर्षाचं.

हो, विद्यार्थ्याचंच. हे दिवाकरभाऊ, अल्लीपूरचे. आमच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष. कोणी 'माजी अध्यक्ष' म्हटलं की ते थांबायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, "माजी कसा? चार्ज घेतला काय कोणी?"

चार्ज कोणी घेतला नव्हता, हे खरं. तीसेक वर्षांपूर्वी ते निवडून आले आणि पुढच्याच वर्षी वरून कागद आला: विद्यार्थी निवडणुका बंद. बाकीचे पदाधिकारी पदव्या घेऊन नोकरीला, शेतीला, संसाराला लागले. दिवाकरभाऊंनी संघाची घटना काढून वाचली. कलम अकरा: नवा अध्यक्ष पदभार घेईपर्यंत जुना अध्यक्ष काम पाहील. कलम सात: अध्यक्ष हा विद्यापीठाचा विद्यार्थी असला पाहिजे. दुसरा कोणी ही दोन कलमं वाचून हसला असता. यांनी ती पाळली.

म्हणजे काय, तर दरवर्षी कुठल्या तरी वर्गात प्रवेश. मराठीत एम.ए., इतिहासात एम.ए., समाजशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, आता पाली. चार पदव्या झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की विषय संपत चालले आहेत. तेव्हापासून ते एक पेपर मुद्दाम ठेवायचे. "सगळेच सुटले तं पुढच्या साली बसू कुठं?" पालीचे सर यांच्या 'कार्यकाळात' पहिल्या वर्षाला होते. ते वर्गात आले की भाऊ सगळ्यांच्या आधी उठून उभे राहत आणि सर बिचारे हजेरी घेताना खाली बघत.

त्यांचं सगळं आयुष्यच सभेच्या रीतीनं चालायचं. कॅन्टीनमध्ये चहा पचपचीत लागला तर ते कप ठेवून म्हणत, "ठराव. अद्रक कमी आहे. अनुमोदन कोण देते?" पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात असताना यांनी हात वर केला. "कोरम नाई. नवरीचा मामा कुठं आहे?" मामा खरोखरच वडनेरच्या फाट्यावर गाडी पंक्चर होऊन बसला होता. लग्न पाऊण तास थांबलं. त्यांचं स्वतःचं लग्न मात्र कधी उभं राहिलं नाही. "चार्ज देऊन होऊ दे, मंग पाहू," असं ते आईला सांगत राहिले. सांगता सांगता आई गेली.

नवा विद्यार्थी दिसला की त्याला धरून ते संघाचा इतिहास दाखवत. नुसता सांगत नसत, दाखवत. "हा नळ दुसऱ्या अध्यक्षानं आणला. पाणी पिऊन पाह्य आंधी. हा सायकल स्टँड चौथ्याचा. रविवारी लायब्ररी उघडी राह्यते न? सातवी अध्यक्ष. बाई होती. अकरा दिवस पायरीवर बसली, तवा उघडली." संघाच्या खोलीत आता मोडकी बाकं भरली आहेत. तिथल्या भिंतीवर अध्यक्षांच्या नावांची पाटी आहे. शेवटचं नाव यांचं. त्याखाली पाच नावांची जागा मोकळी. ती पाटी ते दर सोमवारी रुमालानं पुसायचे. मोकळी जागासुद्धा.

"आणि तुमच्या काळात काय झालं?" मी एकदा विचारलं होतं.

"माह्या काळात?" ते म्हणाले. "माह्या काळात बंद पडलं."

आता माझ्याबद्दल. मी रोहण्याची. पत्रकं लिहिते. चार वर्षांत हॉस्टेलचं पाणी, परीक्षेचे निकाल, बसचे पास अशा सगळ्यांवर पत्रकं काढली. पत्रकाचा एक गुण असतो: त्यात शंकेला जागा नसते. माझ्यातही नव्हती. हे मी अभिमानाने सांगत नाही.

यंदा निवडणुका होणार अशी सूचना लागली. आम्ही पॅनल उभं केलं. कार्यालय म्हणून संघाची खोली मागायला मी भाऊंकडे गेले.

"निवडून येजो बाई. त्याच दिवशी देतो. किल्ली, घंटा, रजिस्टर, सगळं. तुह्या हातानं घंटा वाजवजो."

"आत्ता द्या ना. तुम्हाला तसंही काय करायचंय त्या खोलीचं?"

"आत्ता देता येत नाई. कलम अकरा."

मी पाय आपटत परत आले. पंधरा दिवसांत दुसरी सूचना लागली: निवडणुका पुढे ढकलल्या. आम्ही कुलसचिवांच्या दारात गेलो. दार बंद. शुक्रवार, शनिवार बसलो. दार बंदच. सोमवारी पुन्हा गेलो. तेच दार उघडलं आणि आतून दिवाकरभाऊ बाहेर आले. आत आवक-जावकच्या टेबलावर त्यांची वांग्यांची पिशवी होती आणि त्यांच्या हातात चहाचा रिकामा कप होता.

मला एवढंच पुरलं. ज्यांच्यावर राग होता ते भेटत नव्हते. हा माणूस दर सोमवारी आपल्या पायानं येत होता.

पत्रकाचं शीर्षक होतं, 'वांग्यांवर विकलेला विद्यार्थी संघ'. त्यात मी लिहिलं की तीस वर्षं खुर्ची न सोडणारा हा माणूस प्रशासनाचा हस्तक आहे, निवडणुका न होण्यातच त्याचा फायदा आहे, त्याने ताबडतोब पायउतार व्हावं आणि किल्ली विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावी. वर त्यांचं चित्र काढून घेतलं. मुकुट घातलेलं वांगं. सगळ्या विभागांत वाटलं आणि खाली लिहिलं: सोमवारी अकरा वाजता निंबाखाली या.

सोमवारी भाऊंनी घंटा वाजवली आणि माणसं आली. वर्गावर्गांतून आली. भाऊ बाकावरून उठून उभे राहिले. मी बाकावर चढून पत्रक वाचलं. 'वांगं' शब्द आला की हशा. कोणी तरी मागून ओरडलं, "अध्यक्ष, भरीत खाले या!" भाऊ बोट पुढे करून, ओठ हलवत एकेका चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, नावं लक्षात ठेवताहेत. मी म्हटलं, "घ्या, नावं लिहून घ्या, द्या तुमच्या साहेबांना!" पुन्हा हशा.

वाचून झालं. भाऊंनी घसा साफ केला. "अनुमोदन कोण देते?"

सगळे हात वर गेले. लोक पोट धरून हसत होते. त्यांनी रजिस्टर उघडून बराच वेळ काही तरी लिहिलं, घंटा पिशवीत टाकली आणि बसस्टँडच्या दिशेने निघून गेले. माझ्या पाठीवर थापा पडत होत्या.

पुढच्या सोमवारी घंटा वाजली नाही. बारा वाजता आवक-जावकच्या मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर ओळखीची पिशवी होती.

"तुह्यासाठी ठेवून गेला तो," मॅडम म्हणाल्या. "आन् आयक पोरी. तो इथं काऊन येत होता, माहीत आहे तुले?"

मी पिशवी पुढे ओढली.

"दर सोमवारी एक पत्र. 'निवडणूक घ्या.' साहेब म्हणत, असली पत्रं घेऊ नका. मी घ्याची. शिक्का माराची. त्याले बाकी काई नाई पाह्यजे, शिक्का पाह्यजे. वांगी त्याच्या भावाच्या वावरातली. रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जाऊ नोको, अशी माय सांगून गेली म्हणे. मी त्याले किती वेळा म्हटलं, दिवाकर, मले वांग्याची अ‍ॅलर्जी आहे. तरी आणे."

पिशवीत फाईल होती. शिक्का मारलेली पत्रं. निवडणुकीच्या पत्रांमध्ये अधूनमधून दुसरी पत्रं होती: कोणाची हजेरी कमी पडली होती, कोणाचा फॉर्म उशिरा आला होता. एक माझं होतं. रोहण्याची ही मुलगी दोन बस बदलून येते, सकाळचा वर्ग तिचा रोज बुडतो, तरी तिला वसतिगृहात जागा द्यावी. खाली सही, तारीख, शिक्का. माझ्या उपोषणाच्या आदल्या सोमवारचा. हॉस्टेल मी एका दिवसाच्या उपोषणानं मिळवलं, हे वाक्य मी प्रत्येक भाषणात वापरलं आहे.

मग रजिस्टर उघडलं. पहिली काही पानं भरगच्च, वेगवेगळ्या अक्षरांतली. त्यानंतर एकच अक्षर. पानामागून पान, सोमवारमागून सोमवार: 'उपस्थित: अध्यक्ष. कोरमअभावी सभा तहकूब.' उपस्थित: अध्यक्ष. कोरमअभावी सभा तहकूब. एका ठिकाणी: 'आईच्या तेराव्यामुळे अध्यक्ष उशिरा आले. क्षमस्व. कोरमअभावी सभा तहकूब.'

शेवटच्या पानावर माझं पत्रक चिकटवलेलं होतं. चारही कोपरे नीट दाबून. मुकुटाच्या वांग्यासकट. त्याखाली:

'उपस्थित: चौऱ्याऐंशी. कोरम पूर्ण. विषय: अध्यक्षांविरुद्ध निंदेचा ठराव. मांडणार: कु. प्रज्ञा. अनुमोदन: सर्व. अध्यक्ष तटस्थ. ठराव संमत. ठरावाप्रमाणे किल्ली, घंटा व रजिस्टर मांडणारीच्या स्वाधीन. बऱ्याच वर्षांनी सभा झाली. अध्यक्षांना आनंद वाटला.'

पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली वांगी होती. माझ्यासाठी.

त्याच्या पुढच्या सोमवारी अकरा वाजता मी घंटा वाजवली. नीट वाजली नाही. आमच्या पॅनलमधलं कोणी आलं नाही. एकानं कळवलं, "आता कशाले? काम झालं न." मी बाकावर घड्याळ बघत बसले. अर्धा तास किती लांब असतो, हे त्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

अकरा वीसला भाऊ आले. छातीवर ओळखपत्र. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि म्हणाले, "विद्यार्थी हजर. पाली, दुसरं वर्ष."

"भाऊ, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं..."

"सभेत घरचं बोलू नाई."

"बरं. मग ठराव मांडते. मागच्या सभेतला निंदेचा ठराव ही सभा मागे घेते."

ते पटकन माझ्याकडे वळले. क्षणभर त्यांच्या तोंडावर काही तरी आलं. मग त्यांनी बोट उचललं. मला मोजलं. स्वतःला मोजलं. बोट खाली ठेवलं.

"कोरम नाई न बाई."

"भाऊ, तुमच्याचबद्दल आहे ना! तुम्हीच सोडून द्या."

"माह्याबद्दल आहे म्हणूनच तं सोडता येत नाई. रीतसर होऊ दे. लिही." आणि मी लिहीत नाही असं बघून, हळूच, "लिही न माय. तहकूब म्हणजे संपलं थोडीच. पुढच्या सोमवारी घेऊ."

मी लिहिलं. उपस्थित: दोन.

तेव्हापासून दर सोमवारी मी घंटा वाजवते. मनगट ढिलं ठेवायचं असतं, ते भाऊंनी शिकवलं. ठराव अजून मागे घेता आलेला नाही. पत्रक तसंच चिकटलेलं आहे. डिंक चांगला वापरलाय त्यांनी. कोरमला पन्नास माणसं लागतात. मी वर्गावर्गांत जाऊन सांगते, हात जोडते, पत्रकही काढलं. आजवर सगळ्यात जास्त आले ते नऊ.

हसायला बोलावलं होतं, तेव्हा चौऱ्याऐंशी आले होते.