सासूबाईंच्या डोळ्याचा नंबर

रविवारी सकाळी शहाण्या माणसाने चहा प्यावा, पेपर वाचावा आणि कुठलीही घोषणा करू नये. मीही पेपरच वाचत होतो. पण सासूबाईंनी किटलीतला चहा माझ्या कपाऐवजी शेजारी उघड्या पडलेल्या माझ्या चष्म्याच्या डबीत ओतला. डबी काठोकाठ भरल्यावर त्या म्हणाल्या, "घ्या, गार होईल."

मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बास झालं. आईंच्या डोळ्याचा नंबर मी लावतो."

सासूबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि तो चांगलाच पिकला होता. उजव्यात नुकताच सुरू झाला होता. आठवड्यापूर्वी जिन्याची शेवटची पायरी चुकून त्या खाली बसल्या होत्या, आणि "मला तिथेच बसायचं होतं" असं म्हणाल्या होत्या. शब्दकोडं सोडवणं त्यांनी बंद केलं होतं, कारण काय तर म्हणे हल्लीची कोडी सोपी असतात. आम्हाला सगळं कळत होतं. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळायला मात्र दोन दोन महिने लागायचे, आणि दवाखान्याने फोनवर नंबर देणं बंद केलं होतं. आता सगळं अ‍ॅपवर. दर रविवारी नऊ वाजता त्या आठवड्याचे नंबर सुटायचे आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी संपायचे, म्हणून हुकत हुकत दोन महिने जायचे.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "अहो, लेकीला फोन करू ना."

आमची लेक बाहेरगावी शिकते. मोबाईलची सगळी कामं ती तिकडून एका हाताने टोस्ट खात करते. पण तिची परीक्षा चालू होती, आणि शिवाय मी पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक विभागात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. लोकांचे चुकलेले अर्ज परत पाठवण्यात माझा हातखंडा. (आमच्या ऑफिसात मला 'परत या' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण ऐकू येईल एवढ्या पाठीमागे.) मला एक फॉर्म भरता येऊ नये?

नऊला पाच कमी असताना मी मोबाईल घेऊन टेबलाशी बसलो. डावीकडे बायको, उजवीकडे सासूबाई.

ठीक नऊला फॉर्म उघडला. पहिली ओळ: 'वापरकर्त्याचे नाव'. आता अ‍ॅप वापरत कोण होतं? मी. मी माझं नाव टाकलं, वडिलांचं टाकलं, आडनाव टाकलं. पुढे वय विचारलं. डोळा सासूबाईंचा, म्हणून वय त्यांचं टाकलं, शहात्तर. पुढे लिंग, म्हणून 'स्त्री'. अर्ज कसा प्रत्येक प्रश्नाचा वेगळा विचार करून भरावा, हे मी बायकोला समजावूनही सांगितलं.

मग अ‍ॅपने नऊ चित्रं दाखवली आणि 'सिग्नल असलेली चित्रे निवडा' असं फर्मावलं.

"हा खांब धरायचा का?" मी विचारलं.

"खांब म्हणजे सिग्नल नाही," बायको म्हणाली.

"खांबाशिवाय सिग्नल उभा कसा राहील?"

"अहो, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एकदा तरी ऐका."

मी खांब धरला. अ‍ॅपने नवी नऊ चित्रं दिली. बायको काही बोलली नाही, पण ज्या पद्धतीने बोलली नाही ती मला ओळखीची आहे.

नऊ वाजून चार मिनिटांनी ओटीपी आला. तो बघायला मी मेसेजमध्ये गेलो, आकडे बघितले, परत आलो, तर फॉर्म पहिल्या पानावर! पुन्हा नाव, पुन्हा वय, पुन्हा सिग्नल. (या वेळी खांब सोडला.) पुन्हा ओटीपी. तो मेसेज वरच्या पट्टीवर क्षणभर चमकून जायचा, तेवढ्यात मला पहिले तीन आकडे वाचता यायचे आणि ते टाकेपर्यंत मी उरलेले विसरायचो.

"तो चमकला की मोठ्याने वाचा," सासूबाई म्हणाल्या. "टाकायला बघू नका. नुसतं वाचा."

सासूबाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या ऑपरेटर. तेहेतीस वर्षं कानाला हेडफोन. गावातले निम्मे नंबर त्यांना पाठ होते, आणि ज्यांचे पाठ होते त्यांची भांडणंही पाठ होती, पण ती त्यांनी कुणाला कधी सांगितली नाहीत. मी ओटीपी गडबडीने वाचला. त्यांनी तो शांतपणे एकेक आकडा करून मला परत दिला. नऊ वाजून नऊ मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण आली. बुधवार, सकाळी साडेदहा!

मी खुर्चीतून उठून सासूबाईंशी हात मिळवला. त्या दिवशी दुपारी मी जरा जास्तच मोकळेपणाने झोपलो.

सोमवारी संध्याकाळी बायकोने माझा मोबाईल पुढे केला. "हे वाचा."

मेसेज असा होता: 'श्रीमती', मग माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव. 'वय ७६. आपल्या डाव्या डोळ्याच्या तपासणीसाठी आम्ही आपली वाट पाहत आहोत.'

चूक दुरुस्त करणं ही तर माझी रोजचीच गोष्ट. अ‍ॅपमध्ये एक मदतनीस होती. फोटोत हसणारी, नाव वगैरे असलेली, पण माणूस नसलेली. मी लिहिलं, 'मला नाव बदलायचे आहे.'

उत्तर लगेच आलं. 'अभिनंदन! लग्नानंतर नाव बदलले असल्यास विवाह नोंदणीचा दाखला जोडा.'

'माझे लग्न झालेले आहे.'

'अभिनंदन! दाखला जोडा.'

'मी पुरुष आहे.'

'क्षमस्व. हा पर्याय सध्या उपलब्ध नाही.'

'मला माणसाशी बोलायचे आहे.'

'मी आपली काय मदत करू शकते?'

हे तासभर चाललं. शेवटी मी चिडून 'मूर्ख' असं लिहिलं. त्यावर तिने आमच्या घराजवळच्या मेंदूविकारतज्ज्ञांची यादी पाठवली.

"नंबर रद्द करून नवा घ्यायचा का?" बायकोने विचारलं.

"दोन महिने जातील. तिथे गेल्यावर सांगू. शेवटी तिथे माणसंच बसलेली असतात," मी म्हणालो. माझ्या खात्यातही माणसंच बसलेली असतात, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

बुधवारी बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सासूबाईंना घेऊन मी एकटाच गेलो. दाराशी एक यंत्र होतं. त्याला मोबाईल दाखवला की त्यातून कागदी पट्टी निघायची. पट्टी निघाली. यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईंनी ती एका झटक्यात माझ्या मनगटाला चिकटवली आणि "पुढे चला" म्हणाल्या. पट्टीवर पुन्हा 'श्रीमती'.

मी काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी संगणकावरून नजर न काढता विचारलं, "काय?"

"नोंद चुकून माझ्या नावावर झालीय. तपासणी यांची आहे."

"मग यांचं नाव कुठंय?"

"तेच तर! फॉर्ममध्ये माझं पडलं."

"कुणी भरला फॉर्म?"

"मीच."

"मग फॉर्म बरोबरच आहे. अर्जदाराने दिलेली माहिती अर्जदारावर बंधनकारक असते." (हे वाक्य मी आजवर किमान चार हजार लोकांना ऐकवलं असेल. समोरून ऐकताना ते किती लांब वाटतं!) "रद्द करून नव्याने नंबर लावा. परत या."

परत या! मी हतबल होऊन सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि आवाजांवरून सगळं समजून घेत होत्या.

तेवढ्यात पडद्यावर माझं नाव झळकलं आणि स्पीकरवरून 'श्रीमती' असा पुकारा झाला. दालनातली वीसेक माणसं कोण उठतंय ते बघायला लागली. आत तरी कुणी ऐकून घेईल म्हणून मी सासूबाईंचा हात धरून गेलो. दारातच एका धिप्पाड नर्सबाईंनी माझी पट्टी बघितली आणि मला खुर्चीत बसवलं.

"सिस्टर, एक मिनिट, माझा नंबर नाही, माझा डोळा..."

"वर बघा."

आवाजच असा होता की मी वर बघितलं. टप्, टप्. दोन्ही डोळ्यांत थेंब पडले. आग आग झाली.

"अहो, मी पेशंट नाही!"

"मिटून बसा. घाबरायचं नाही."

"घाबरलो नाही. मी यांच्याबरोबर आलोय!"

"हो का? पुन्हा वर बघा."

टप्, टप्. दहा मिनिटांनी तिसरा हप्ता द्यायला आल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे माणूस म्हणून पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. "शहात्तर?"

"बावन्न."

"श्रीमती?"

"नाही हो!"

"मग बोलायचं नाही का आधी?"

"मघापासून बोलतोच आहे!"

"मला वाटलं घाबरून बोलताय. माझा नंबर नाही असं इथे सगळेच म्हणतात," ती म्हणाली आणि आम्हा दोघांना दालनात परत आणून बाकावर ठेवून गेली.

थेंब बाहुल्या मोठ्या करायचे होते, त्यामुळे आता मला समोरचं काहीच नीट दिसेना. काउंटर म्हणजे एक पांढरा ढग आणि बाई म्हणजे त्यातला निळा ढग. मोबाईल हातात होता, पण त्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी पसरली होती. सकाळची वेळ टळून चालली होती. "आई," मी म्हणालो, "माझं चुकलं. घरी जाऊ या. दोन महिन्यांनी..."

"दोन महिन्यांनी मी जिन्यावर कितव्या पायरीवर बसलेली असेन, सांगता येईल का?" सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा हलला. मग त्या उठल्या. "मघाशी इथे भिंतीवर फोन वाजल्यासारखा आवाज आला. जुन्या घंटेचा. कुठे आहे तो?"

निळा ढग म्हणाला, "आहे इथेच. आतल्या आत बोलायचा. वाजतो, पण कुणी उचलत नाही हल्ली."

"मी वापरू?"

"वापरा." (यातून काही होईल असं बाईंना वाटलं नसावं, म्हणून परवानगी मिळाली.)

सासूबाईंनी भिंत चाचपत फोन गाठला. "शेजारी नंबरांची यादी चिकटवलेली असेल. वाचा बघू, जावईबापू."

"मला दिसत नाही, आई."

"मलाही नाही." त्यांनी रिसीव्हर उचलला. "मग शून्य. शून्यावर माणूस असतो."

बोटाने चाचपडून त्यांनी शून्य दाबलं. आणि मग मी जे ऐकलं ते मी लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात 'मीठ कमी पडलं का गं' असं हळूच विचारणाऱ्या बाईंचा आवाज बदलला. स्वच्छ, गोड, आणि नाही म्हणायला जागाच न ठेवणारा.

"नमस्कार. तपासणी दालनातून बोलतेय. आजच्या साडेदहाच्या नोंदीत पेशंटच्या जागी सोबतच्या माणसाचं नाव पडलंय. नोंदी कोण बघतं? जोडून देता? थांबते मी."

त्या थांबल्या. थांबण्यातही एक रुबाब होता. पलीकडे कुणीतरी आलं. सासूबाईंनी आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि माझा दहा आकडी मोबाईल नंबर न अडखळता सांगितला, जो मला स्वतःला दोन वेळा बघून सांगावा लागतो.

"झालं? इतक्यात? आभारी आहे हं. काय म्हणालात? हो का? अहो, मग येत जाऊ आम्ही अधूनमधून फोनवर."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "तळघरात बसतात बिचारे. म्हणाले, बाई, कितीतरी दिवसांनी इथे कुणाचा फोन आला."

काउंटरमागचा संगणक टिंग असा वाजला. निळ्या ढगाने वाचून पाहिलं, नवी पट्टी काढली आणि उठून, होय, जागेवरून उठून, सासूबाईंच्या मनगटाला बांधली.

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. पुढच्या गुरुवारची ऑपरेशनची तारीख मिळाली.

बाहेर पडताना ऊन असं अंगावर आलं की मी डोळे घट्ट मिटून घेतले. सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांचा पाऊण डोळा आणि माझा शून्य, अशा हिशेबाने आम्ही पायऱ्या उतरलो. "पायरी आहे. अजून एक. आता सपाट."

फाटकाशी एक बाई थांबल्या आणि हळहळून सासूबाईंना म्हणाल्या, "या वयातही मिस्टरांना किती जपून नेता हो!"

"मिस्टर नाहीत. जावई आहेत माझे."

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "तरीच तुम्ही एवढ्या तरुण दिसता."

घरापर्यंत सासूबाई हसत होत्या. मला दिसत नव्हतं, पण हाताला कळत होतं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढताना आम्ही दोघंही समोर उभे होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय, आजी?" त्यांनी खिडकी बघितली, भिंतीवरचं घड्याळ बघून बिनचूक वेळ सांगितली. आपल्या लेकीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोच्याही आलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ, बारकाईने, प्रेमाने. आणि बायकोचा हात ओढून तिला जवळ घेऊन हळूच, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या हळू, विचारलं,

"अगं, यांना बरं नाही का?"

"बरे आहेत गं, आई," बायको म्हणाली. "तुला गेली तीन वर्षं नीट दिसत नव्हतं ना. हे असेच दिसतात."