फणसपोळीखालचा काटा

भिकाजी मास्तरांच्या मोटारीचा वेग दाखवणारा काटा सहा वर्षं शून्यावर निजून होता, आणि त्यात कुणाला फारसं खोटं वाटत नसे. कट्टा गावच्या तिठ्यावर मास्तरांची गाडी दिसली की माणसं हातातली बिडी पुरती ओढत, विझवत आणि मग बाजूला सरत.

गाडी छत्तीस सालची, काळी, विलायती. मास्तरांचे थोरले भाऊ सत्यवान मुंबईत एका शेटजींकडे ड्रायव्हर होते. शेटजींनी जुनी झालेली गाडी त्यांना बक्षीस दिली आणि मरताना सत्यवानांनी ती धाकट्या भावाला ठेवली. ती ठेवून घेतली ही गावाला मास्तरांची धिटाई वाटली. खरं तर त्यांना नको म्हणायला जमलं नव्हतं.

पण यंदा काट्यावाचून चालणार नव्हतं. लेक सुगंधाला मुंबईच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हावं, नपेक्षा जागा दुसरीला दिली जाईल, असं पत्रात स्पष्ट छापलं होतं. मुंबईची बोट शनिवारी अकराला मालवण बंदरात येई. त्यानंतरची थेट मंगळवारी. लेकीला बंदरावर आपल्याच गाडीतून पोचवायचं, असं मास्तरांनी मनाशी धरलं होतं. आणि लेक गाडीत असताना आपण किती वेगानं चाललोय, हे माणसाला कळायला नको?

मास्तरांना स्वतःचा अंदाज कधी खरा वाटत नसे. चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं, पण फळ्यावर उदाहरण सुटलं की ते आधी पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर पाहत आणि मगच मुलांकडे तोंड करत. एकदा मागचं उत्तरच चुकीचं छापलं होतं. मास्तर तीन दिवस नीट जेवले नाहीत, आणि चौथ्या दिवशी त्यांनी वर्गाची माफी मागितली.

तेव्हा काट्याच्या तबकडीचा डबा गाडीतून सोडवून, रुमालात बांधून ते एसटीनं मालवणला साल्वादोर घड्याळजीकडे गेले. साल्वादोरनं डोळ्याला भिंग लावून डबा उघडला.

"खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान, मास्तर. ही बघा आतली केसासारखी स्प्रिंग. पीठ झाला तिचा."

"मुंबईहून मागवावी लागेल?"

"मागवा. ती येयसर तुमच्या चेडवाचा लगीन होतला. माझ्याकडे खिशातल्या घड्याळाची नवी स्प्रिंग आसा, स्विस माल. तीच घालतंय. घड्याळ काय नि मोटार काय, काटो तो काटो!"

घड्याळाच्या स्प्रिंगवर मोटार कशी चालेल, असं मास्तरांच्या ओठावर आलं होतं. पण त्यांचं मनगटी घड्याळही वीस वर्षं साल्वादोरच्याच हाताखालून जात होतं. त्याला कळत असेलच, असं म्हणून त्यांनी प्रश्न गिळला. असे पुष्कळ प्रश्न त्यांच्या पोटात होते.

डबा बसवून गाडी बाहेर काढली आणि काटा टुणकन उठून पंधरावर गेला. शेजारचा परशुराम गप्पा मारत खिडकीबरोबर चालत होता. एवढ्या वेगात बोलताना त्याला दम कसा लागत नाही, याचं मास्तरांना कौतुक वाटलं. पुढं जरा दाबल्यावर तीस!

"नर्मदे, तीस!" घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. आपण मनातून एवढे शूर आहोत याची साठीपर्यंत त्यांना कल्पना नव्हती.

"असांदे," नर्मदाबाई म्हणाल्या. "शनवारी सकाळच्या पयल्या एसटीन जावया."

"एसटी कशाला? नऊ मैल." गणित आलं की मास्तर घरातही पुस्तकी मराठीत शिरत. "ताशी तीस मैल, म्हणजे अठरा मिनिटं. गुरंढोरं, वळणं, अडीअडचण धरून आणखी बारा. दहाला निघालो की साडेदहाला बंदरावर. बोट खोल पाण्यात उभी राहते. तिथवर माणसं नेणारी होडी, तो शेवटचा पडाव, पावणेअकराला सुटतो. पंधरा मिनिटं हातात."

"गणित बरां आसा. गाडयेक शिकवलास काय?"

शनिवारी दहाला ट्रंक मागं बांधून तिघं निघाली. नर्मदाबाईंच्या हातात जपाची माळ आणि मांडीवर सुगंधाच्या फराळाची पिशवी. काटा चाळिसावर स्थिर होता. मास्तरांनी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

पहिल्याच चढणीवर मागून घंटी वाजली. गंगाराम पोस्टमन सायकलवरून बाजूनं आला. "काय मास्तर, मंगळवारची बोट धरतास काय?" असं विचारून पुढं निघून गेला.

"हल्ली लोक सायकली फार जोरात मारतात," मास्तर म्हणाले. "चाळिसाच्या वर असेल तो."

"बाबा," सुगंधा म्हणाली, "ही चढण आसा. नि तो एका हातान बिडी ओढीत गेलो."

मास्तरांनी पहिला मैलाचा दगड पाहिला आणि घड्याळ पाहिलं. सात मिनिटं. दुसऱ्या दगडापर्यंत आणखी सात. चाळिसाच्या वेगाला मैलाला दीड मिनिट हवं. म्हणजे घड्याळ पुढं पळतंय. पण घड्याळही साल्वादोरनंच दुरुस्त केलेलं. एकाच माणसाची दोन उत्तरं, आणि ती एकमेकांशी जुळेनात! दगड चुकीच्या जागी पुरले असतील, अशीही एक शंका त्यांच्या मनात येऊन गेली.

तिसऱ्या दगडाशी म्हशी आडव्या आल्या. त्या निघेपर्यंत दहा पंचवीस झाले.

"माझा ऐकतास?" नर्मदाबाई म्हणाल्या. "देवळात मी चालत जातंय. घराकडून बरोबर एक मैल. तेवड्यात माझ्ये तीन माळा होतत. आता दगडापासून दगडापर्यंत एक झाली. म्हणजे तुमची गाडी माझ्या पायांच्या तिप्पट. जास्त नाय."

"पण काटा चाळीस दाखवतो!"

"काटो साल्वादोरान उघडल्यान, घड्याळ साल्वादोरान उघडल्यान. माझी माळ त्येना उघडूक नाय!"

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. बायकोची चाल ताशी तीन मैल, तिप्पट नऊ. चौथी पास बाईनं तोंडी सोडवलेलं उदाहरण. त्यात चूक काढायला कुठं जागा नव्हती.

"उरले सहा मैल. मिनिटं वीस," ते पुटपुटले. "ताशी अठरा हवेत. पण मी नऊवर असताना हा चाळीस म्हणतो. अठरावर गेलो तर ऐंशी म्हणेल! ऐंशीनं मला नाही गं जमायचं."

"ऐंशी खंय? अठराच ना?"

"ते मला कळतं. डोळ्यांना कळत नाही."

मागं सुगंधानं इस्पितळाचं पत्र घडी घालून मुठीत धरलं होतं. नर्मदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. त्या हळूच म्हणाल्या, "खरां सांगा. चेडवाक धाडूचा मनात नाय, म्हणान हळू चालवतास?"

मास्तर दचकले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. विचारला असता तर काय उत्तर आलं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि आता पाहायला वेळ नव्हता. त्यांचा पाय जागचा हलेना. नजर काट्यावरून सुटेना.

नर्मदाबाईंनी पिशवीत हात घातला, फणसपोळीचा तळहाताएवढा तुकडा तोडला आणि तबकडीवर थापटला. गेल्या वैशाखातली फणसपोळी. काचेला अशी चिकटली की काटा, आकडे, सगळं नाहीसं झालं.

"आता रस्तो बघा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी रस्ता पाहिला. बऱ्याच वर्षांनी पाहत असल्यासारखा पाहिला. मग त्यांनी पाय दाबला. गाडीच्या पोटातून कधी न ऐकलेला आवाज आला, ट्रंक उडाली, बसली. एका वळणावर बिडी ओढत चाललेला गंगाराम सायकलसकट रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला चिकटला. "मास्तर, अवो मास्तर!" एवढंच मागं ऐकू आलं. नर्मदाबाईंची माळ चालू होती, पण एका मण्याला देवाचं अर्धंच नाव येत होतं. सुगंधा हसत होती की रडत होती, ते वाऱ्यात कळेना.

दहा त्रेचाळीसला गाडी बंदरावर उभी राहिली. समोर समुद्र साफ रिकामा होता. पडाव वाळूत आडवा पडला होता आणि त्याच्या सावलीत खलाशी झोपले होते.

"बोट?" एकानं डोळे न उघडता विचारलं. "ती अजून वेंगुर्ल्याक आसा. एक वाजतलो, नायतर दोन."

मास्तर गाडीच्या पायरीवर बसले.

बाजारातून साल्वादोर आपली करामत पाहायला आला. वाटेत मास्तरांनी त्याला सुनावण्यासाठी चार वाक्यं जुळवली होती. तो समोर येताच पहिली तीन विसरली. चौथं होतं, "बरे आहात ना?"

"काटो कसो चालता, मास्तर?"

"चौपट दाखवता," सुगंधानं सांगितलं.

साल्वादोरनं फणसपोळीचा कोपरा उचलून तबकडीकडं पाहिलं आणि मान डोलावली. "स्प्रिंग नाजूक. जरा हिसको बसलो की उडी मारता. पण सोपा आसा. दिसता तेका चारान भागायचा. तुमी तर गणिताचे मास्तर!" आणि आपलं काम चोख झाल्याच्या समाधानात तो परत गेला.

बोट दीड वाजता आली. तोवर बापलेक ट्रंकेवर शेजारी बसून होती. सारी वाट पळत आलेल्यांना पावणेतीन तास असे फुकट मिळाले होते. जाताना सुगंधा म्हणाली, "बाबा, फणसपोळी काढू नका हां." पडाव लाटांवर लहान लहान होत गेला.

परतीच्या वाटेवर नर्मदाबाईंनी पुन्हा माळ हातात घेतली. मग म्हणाल्या, "तुमी सांगलास नाय. चेडवाक धाडूचा मनात व्हता की नाय?"

मास्तर पुस्तकी मराठीत काहीतरी म्हणणार होते. पण ते उदाहरण पुस्तकातलं नव्हतं आणि त्याचं उत्तर मागं छापलेलं नव्हतं.

"माका म्हायत नाय गो," ते म्हणाले.

मैलाचा दगड मागं पडला, पुढचा आला. जाताना मैलाला एक माळ लागली होती, या मैलाला दोन लागल्या. नर्मदाबाईंनी त्या मोजल्या, पण सांगितल्या नाहीत.