विनोकुर या शब्दाचं कूळ

शब्दाचं कूळ शोधणं हे राष्ट्राचं पवित्र कर्तव्य आहे. माणसांचं काय, ती नवी होतच असतात.

व्यात्का नदीकाठच्या आमच्या गावात विद्वानांचं पथक आलं ते 'विनोकुर' या शब्दासाठी. विनोकुर म्हणजे दारू गाळणारा. 'विनो' म्हणजे मद्य, हे सर्वमान्य. 'कुर'वर मात्र अकरा वर्षं, चार परिषदा आणि एक चपराक (इतिवृत्तात: 'विचारविनिमय') खर्ची पडली होती. प्राध्यापक कपितोन अर्काद्येविच म्हणत, धूर करणे यावरून आला. विरोधक म्हणत, हट्, परक्यांची उसनवारी!

मी ग्रामसोव्हिएतचा कारकून. मीच त्यांना म्हाताऱ्या लुक्यान फोमिचच्या दारात नेलं. त्याच्या बाटलीशिवाय गावात मयताचं जेवणसुद्धा उठत नसे. (सरकारी तक्त्यात आमच्या गावी हातभट्ट्या शून्य. तक्ता मीच भरायचो.)

"काही बोलू नका हो," त्याची बायको स्तेपानिदा म्हणाली. "त्यांच्या हातात पेन्सिल आहे."

"गप गं, शिकलेली माणसं आहेत!" लुक्यान फुशारला. "बसा साहेब. चूल नुसती धुमसत ठेवायची, तासन् तास. घाई केली की करपलंच. आमचा आजा म्हणायचा, दारू गाळत नाहीत पोरा, धुरवतात. ही घ्या, पहिल्या धारेची!"

प्राध्यापकांनी पुरावा तपासला. तिसऱ्या पेल्याला त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी म्हाताऱ्याचे तीन मुके घेतले.

पण शास्त्र म्हणजे शास्त्र. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि त्यानं दाखवलेली कृती लिहिल्याशिवाय कोशात उदाहरण चालत नाही, आणि टिपणाची एक प्रत शिक्क्यासह तालुक्याला धाडावी लागते. प्राध्यापकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. शिक्का मी मारला.

गुरुवारी पोलीस आले. भांडं नेलं, नळी नेली, म्हातारा नेला. "अरे, मी फक्त शब्द सांगितला रे!" तो ओरडत होता. सगळं गाव पडद्याआडून बघत होतं, मीसुद्धा. लाज वाटली, पण बाहेर पडण्याइतकी नाही. कोर्टात तेच टिपण वाचलं गेलं, आणि न्यायाधीशांनी दोन वर्षांची शिक्षा ठोठावण्याआधी त्याच्या भाषेची तारीफ केली.

प्राध्यापकांना पदक मिळालं. ही हकिकत मी पूर्वी छापून आणली, तेव्हापासून मला आजवर त्रेचाळीस वाचकांची पत्रं आली. सगळ्यांचा सवाल एकच: शेवटी धूर की उसनवारी?

धूर. झालं समाधान? लुक्यान परत आला का, हे तुम्हीही विचारलं नाहीत.